बोम्मै पाच

मराठीत ‘चषक’ हा शब्द आता क्रिकेटपुरताच उरला आहे. चषक जिंकायचा, डोक्यावर धरून नाचायचं, फोटो काढायचे आणि काचेच्या कपाटात ठेवून द्यायचा. त्यातून कुणी काही पीत नाही. चेन्नईत तर २०२३ चा आयपीएल चषक टी. नगरच्या तिरुपती देवस्थानात नेऊन देवापुढे ठेवला होता. पुढच्याच वर्षी चेन्नईच्या संघाचं कर्णधारपद पुण्याच्या ऋतुराज गायकवाडकडे आलं, त्यामुळे मराठी माणूस आणि चेन्नईचा चषक यांची सोयरीकही रीतसर जुळली. घोळ होतो तो दुसऱ्याच चषकाचा. काचेचा, लांब दांडीचा, पातळ ओठांचा, सहाच्या खोक्यातून घरी येणारा. त्याला देवळात नेता येत नाही आणि घरात ठेवायला जागा नसते.

चेन्नईच्या अडयारमधलं एक मराठी जोडपं डोळ्यांसमोर आणू. दोघंही ओएमआरवर, म्हणजे जुन्या महाबलीपुरम रस्त्यावर, आयटीत, दोन बेडरूमचा फ्लॅट, बाल्कनीत तुळस आणि कढीपत्ता शेजारी शेजारी. अशा घरात वाइन ग्लास मुद्दाम विकत आणले जात नाहीत, ते येतात. गृहप्रवेशाला मित्रमंडळी वर्गणी काढून देतात, किंवा नाशिकच्या द्राक्षमळ्यांच्या सहलीत जोश येऊन घेतले जातात. मग हिशेब सुरू होतो. वर्षातून फार तर चार संध्याकाळी ते बाहेर निघणार. उरलेले ३६१ दिवस त्यांना नुसतं सांभाळायचं. वाइन पिण्याच्या कलेवर पुस्तकांचे ढीग आहेत, पण या ३६१ दिवसांवर कुणी फारसं बोलत नाही.

तसं पाहिलं तर मराठी माणसाचं काचेशी नातं जुनं आणि देशभक्तीचं. माणशी एक पैसा गोळा करून उभारलेल्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगावला काच कारखाना निघाला. कऱ्हाडजवळ ओगलेवाडीला १९१६ मध्ये ओगले बंधूंनी काचकाम सुरू केलं आणि पुढे तिथला ‘प्रभाकर’ कंदील घरोघरी लटकला. म्हणजे आपल्याकडे काच आली ती स्वदेशीचा टिळा लावून, आणि तिचं काम उजेड देण्याचं. संध्याकाळी कंदिलाची काच राखेने पुसणाऱ्या पिढीला काच कशी धरायची हे कुणी शिकवावं लागलं नाही. फुटली तर कुणाचा कान पिळला जाईल, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

नंतर आला लेमन सेट. एक जग, सहा ग्लास, त्यावर नारिंगी फुलं. लग्नाच्या आहेरात हा सेट इतका फिरे, की काही सेट मूळ मालकाकडे परत आल्याचं सांगतात. त्याची जागा हॉलमधल्या शोकेसमध्ये, ताजमहाल आणि मान हलवणारा म्हातारा यांच्या मधोमध. सरबत मात्र स्टीलच्या पेल्यातून. लेमन सेट ‘पाहुण्यांसाठी’ असे आणि तो काढण्याच्या लायकीचा पाहुणा तीस वर्षांत आला नाही. बोहारीणसुद्धा जुन्या साडीवर पातेलं देई, काचेच्या भांड्याचं नाव काढत नसे. तेव्हा वस्तू वापरायची नाही, नुसती मांडायची, ही विद्या मराठी घराला कुणी बाहेरून शिकवलेली नाही. अडचण एवढीच, की लेमन सेटच्या ग्लासाला बूड होतं.

वाइन ग्लासाला बूड नाही, बैठक आहे. चपटी, बशीसारखी. तिच्यावर पेन्सिलीएवढी दांडी आणि दांडीवर सगळा संसार. वजन वर, आधार खाली, मधे भरवसा. याच्या अगदी उलट वस्तू पाहायची असेल तर चेन्नईहून तंजावूरला जावं. पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ भोसल्यांनी राज्य केलेल्या त्या गावची मान डोलावणारी बाहुली जगप्रसिद्ध आहे. तिचा एक प्रकार असा, की सगळा भार तळाशी आणि तळ गोल. कितीही ढकला, डुलत डुलत परत उभी राहते. वाइन ग्लासाकडे नुसतं रागाने पाहिलं तरी तो आडवा होतो.

त्यात चेन्नई म्हणजे स्टीलचं शहर. इथे स्टेनलेस स्टीलला ‘एव्हरसिल्व्हर’ म्हणतात, म्हणजे सदाची चांदी, आणि हे नाव ऐकलं की काचेचा आत्मविश्वास आपोआप कमी होतो. फिल्टर कॉफी टंब्लर-डवऱ्यातून, म्हणजे स्टीलच्या पेला-वाटीतून प्यायची. डवऱ्यातून टंब्लरमध्ये, टंब्लरमधून डवऱ्यात, हातभर उंचीवरून. टंब्लरची कड बाहेर वळलेली असते, कारण जुन्या घरांत भांडं ओठाला लावायचं नाही, मान मागे टाकून धार थेट घशात सोडायची. याउलट वाइन ग्लासाची सगळी रचना त्यात नाक खुपसावं म्हणून केलेली. पोट मोठं, तोंड निमुळतं, म्हणजे वास आत कोंडून राहावा. ज्या शहरात भांड्याला ओठही लावत नाहीत, तिथे नाकासाठी घडवलेल्या भांड्याने बिऱ्हाड थाटावं हा मुळातच धाडसाचा भाग आहे. आणि टंब्लर हातातून पडला तर काय होतं? आवाज होतो. मग तो उचलतात आणि कॉफी ओततात.

शिवाय हे ग्लास आकाराने दिवसेंदिवस वाढत चालले आहेत. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी इंग्लंडमधले ४११ ग्लास मोजून २०१७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हिशेब मांडला. सन १७०० च्या सुमाराचा ग्लास सरासरी ६६ मिलिलिटरचा होता, २०१६-१७ मधला ४४९ मिलिलिटरचा. तीनशे वर्षांत जवळजवळ सातपट. ऑस्ट्रियाच्या क्लाउस रीडेल यांनी १९७३ मध्ये ‘सोमेलिए’ नावाची मालिका काढून द्राक्षागणिक ग्लास निराळा ही कल्पना रुजवली. त्यांनीच १९५८ मध्ये घडवलेल्या बर्गंडीच्या एका ग्लासात आख्खी पाऊण लिटरची बाटली ओतली तरी वर जागा राहते. आपल्याकडे एवढ्या मापाच्या भांड्याला तांब्या म्हणतात आणि तो घेऊन माणसं निराळ्याच दिशेला जात असत. चेन्नईच्या फ्लॅटमधल्या मॉड्युलर किचनचं कपाट मात्र डबे आणि टंब्लर यांच्या मापाचं. त्यात असा ग्लास उभा राहत नाही आणि आडवा ठेवला की घरंगळतो.

खरं तर वाइन चाखणाऱ्या परीक्षकांसाठी आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने १९७७ मध्येच एक ग्लास ठरवून दिला आहे, अंड्यासारखा, २१५ मिलिलिटरचा, उंची अवघी साडेपंधरा सेंटिमीटर. तो कुठल्याही कपाटात मावतो. पण तो दिसायला प्रयोगशाळेतला वाटतो, म्हणून भेट म्हणून कुणी देत नाही.

आता मुख्य तंटा. ग्लास उभा ठेवायचा, उलटा ठेवायचा, की टांगायचा? ज्या प्रांतात मंदिराच्या हत्तीच्या कपाळी नाम इंग्रजी यू-सारखा काढायचा की वाय-सारखा, यावरून पिढ्यान्‌पिढ्या कोर्टकज्जे झाले, तिथे हा प्रश्न सहज सुटेल अशी अपेक्षा कुणी ठेवू नये.

उलट्या पंथाचं म्हणणं धुळीचं. ग्लास पालथा घातला की आत धूळ नाही, झुरळ नाही, पाल डोकावणार नाही. मुद्दा बिनतोड आहे, विशेषतः ज्याने ग्लासात पाल पाहिली आहे त्याच्यासाठी. पण ग्लासाचा सगळ्यात पातळ आणि हळवा भाग म्हणजे त्याची कड, आणि पालथा घातला की सगळा भार कडेवर येतो. तिथे बारीक टवका उडाला की पुढे ओठ कापला जाईपर्यंत कळतही नाही. शिवाय आत हवा कोंडते आणि कपाटाचा वास धरते. चेन्नईच्या दमट हवेत कपाटाला वास नसणं अशक्य. प्लायवूडचा वास, डांबरगोळ्यांचा वास, आणि खालच्या फळीवर हिंगाची डबी असेल तर विचारूच नका. सांबाराच्या शहरात ती असतेच. तीन महिन्यांनी ग्लास सरळ करून त्यात महागाची लाल वाइन ओतावी, डोळे मिटून नाक आत घालावं आणि फोडणीची आठवण यावी, हा अनुभव एकदा घेतलेला माणूस उभ्या पंथात जातो.

उभा पंथ सांगतो, की ग्लास आपल्या बैठकीवरच ठेवावा, दोन ग्लासांत दोन बोटांचं अंतर ठेवावं, उंच ग्लास मागे, बुटके पुढे, आणि कपाटाला दार असावं. वापराआधी एकदा विसळून घेतलं की धुळीचा प्रश्न मिटला. हे बहुधा बरोबर आहे. गैरसोय एवढीच, की कपाटाचं दार उघडताना मागचा ग्लास काढायला हात आत घालावा लागतो आणि हाताला कोपर असतं.

टांगणाऱ्यांचा थाट वेगळा. कपाटाच्या खालच्या बाजूला लाकडी किंवा लोखंडी पट्ट्या ठोकायच्या, दोन पट्ट्यांच्या फटीत बैठक सरकवायची, ग्लास वटवाघळासारखे लोंबकळतात. कड मोकळी, आत हवा खेळती, दिसायला तारांकित हॉटेल. पण ती हॉटेलं बारमध्ये टांगतात आणि तिथे दिवसातून दहादा ग्लास धुतला जातो. घरी या पट्ट्या बसतात स्वयंपाकघरात, म्हणजे शेगडीच्या आसपास. मोहरी तडतडली, कढीपत्ता पडला, तेलाची वाफ वर गेली आणि काचेवर चिकट साय धरली. तिच्यावर धूळ. महिन्याभरात तो ग्लास बोटाने सही करण्याच्या लायकीचा होतो. शेगडीपासून दूर, दिवाणखान्यात टांगावेत तर पंख्याखाली ते एकमेकांना लागतात का, हे रात्रभर कान देऊन ऐकावं लागतं. ११ एप्रिल २०१२ ला सुमात्राजवळच्या भूकंपाने चेन्नईच्या उंच इमारती हलल्या, कचेऱ्यांतली माणसं रस्त्यावर आली. बंगालच्या उपसागरापलीकडे जमीन हलली की आपले ग्लास किणकिणतात, हे ध्यानात ठेवून पट्टीच्या तोंडाशी एक छोटी खुंटी मारून घ्यावी. बैठक घसरत नाही.

बरं, सांभाळताना फुटतात त्याहून जास्त ग्लास धुताना फुटतात. फुटण्याची रीतही ठरलेली. एका हातात बैठक, दुसऱ्या हातात फडकं, फडकं पोटात घालून पिळल्यासारखं फिरवायचं. दांडी बिचारी मधे. कट्ट असा आवाज येतो आणि दोन्ही हातांत एकेक तुकडा राहतो. पोट पुसायचं तर पोटच धरावं, बैठक नव्हे, एवढीच काय ती युक्ती. आणि मेजवानीच्या रात्री धुवायलाच घेऊ नयेत. पाण्याने अर्धे भरून बाजूला ठेवावेत, सकाळी कॉफीनंतर शांतपणे धुवावेत. रात्री बारा वाजता ‘आता आवरूनच झोपू’ म्हणणारी माणसं स्वभावाने चांगली असतात, पण त्यांच्या घरी सहाचा सेट राहत नाही.

पाण्याची गोष्ट चेन्नईत वेगळी सांगायला हवी. किनाऱ्याजवळच्या बोअरचं पाणी जड. ग्लास वाळला की त्याच्यावर क्षारांचे पांढरे ठिपके उमटतात, देवीचे वण असावेत तसे. व्हिनेगर घातलेल्या कोमट पाण्यात बुडवले की ते जातात. ते पडूच नयेत म्हणून शेवटचा हात वीस लिटरच्या पिण्याच्या पाण्याच्या कॅनमधल्या पाण्याने फिरवावा लागतो. २०१९ च्या जूनमध्ये शहराचे चारही मोठे जलाशय जवळजवळ कोरडे पडले, टँकरसाठी रांगा लागल्या, तेव्हा कॅनच्या पाण्याने वाइन ग्लास विसळणाऱ्याला सोसायटीने काय केलं असतं याची कल्पना करवत नाही. त्या उन्हाळ्यात सगळ्या चेन्नईने निमूटपणे स्टीलला शरण जाणं पत्करलं असावं.

शिशाच्या क्रिस्टलचा एक वेगळा बडेजाव असतो. १६७४ मध्ये लंडनच्या जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्टने काचेत शिसं घालण्याचं पेटंट घेतलं तेव्हापासून जड, चमकदार, टिचकी मारली की घंटेसारखी वाजणारी काच म्हणजे क्रिस्टल, असं समीकरण झालं. त्यात २४ टक्के किंवा जास्त शिशाचं ऑक्साइड. तासाभराच्या पिण्याला हरकत नाही, पण त्यात दारू साठवून ठेवू नये, शिसं झिरपतं. आजोबांनी परदेशाहून आणलेली नक्षीदार सुरई म्हणूनच शोकेसमध्ये रिकामी शोभते.

या सगळ्यात सांगलीहून जोडप्यातल्या नवऱ्याची आई महिनाभरासाठी राहायला येते. सांगली-तासगावच्या माणसाला द्राक्षाचं कौतुक कोण सांगणार? पण त्यांच्या लेखी द्राक्षाचा जन्म सार्थकी लागतो तो बेदाण्यात. तामिळनाडूत दारू विकण्याचा मक्ता २००३ पासून सरकारच्याच टास्मॅककडे आहे, म्हणजे बाटली तशी सरकारमान्य. पण आईपुढे सरकारचा शिक्का चालत नाही. बाटली लपवणं सोपं, ती बुटांच्या कपाटात जाते. सहा ग्लास कुठे लपवायचे? पांघरुणांत गुंडाळावेत तर पहिल्याच दिवशी आई पांघरुणं उन्हात घालते.

“हे कसले रे पेले?”

“सरबताचे, आई.”

“एवढासा पाय आणि एवढं मोठं पोट! तुझ्या काकांसारखे दिसतात.”

आईने त्यातला एक उचलून टिचकी मारली, आवाज ऐकला आणि त्याच संध्याकाळी त्यातून कोकम सरबत प्यायलं. धुतानाही स्वतःच धुतला. फुटला नाही. कंदिलाच्या काचेवर हात बसलेला. दुसऱ्या दिवशी मुलगा धुवायला गेला आणि सहाचे पाच झाले.

इथवर आल्यावर एक प्रश्न विचारायलाच हवा. नाजूक वस्तू वर्षभर जपून ठेवायची आणि चार दिवस मिरवायची, यात जगात सगळ्यात तरबेज कोण? याच शहरात १८४२ मध्ये फ्रेडरिक ट्यूडरच्या कंपनीने अमेरिकेतून भुशात घालून आणलेला बर्फ मरीनाजवळच्या आइस हाउसमध्ये साठवला होता. तीच इमारत आता विवेकानंद हाउस. मद्रासच्या उकाड्यात बर्फ सांभाळणाऱ्या गावाला काच सांभाळणं जड जाऊ नये. पण खरी उस्ताद मंडळी आइस हाउसमध्ये नव्हती, ती मैलापूरच्या घराघरांत आहेत.

नवरात्रात तिथे बाहुल्यांचा कोलू मांडतात. पायऱ्या तीन, पाच, सात, नऊ, नेहमी विषम. वर कलश आणि देव, खाली संत, मग लग्नाची वरात, वाण्याचं दुकान, क्रिकेटचा संघसुद्धा. मराठी वाचकाने चैत्रगौरीची आरास आणि रुखवत एकत्र करून त्याला सातने गुणावं. मातीच्या बाहुल्या, तमिळमध्ये ‘बोम्मै’, काही आजीच्या आजीच्या. विजयादशमीच्या रात्री एक बाहुली नावापुरती निजवतात आणि दुसऱ्या दिवशी बांधाबांध सुरू होते. प्रत्येक बाहुली जुन्या, मऊ झालेल्या सुती वेष्टीत, म्हणजे धोतरात गुंडाळायची. मान, हात, वीणा यांना निराळी चिंधी. मग वर्तमानपत्राचा बोळा, मग पत्र्याची ट्रंक, जड खाली, हलकी वर, आणि ट्रंक माळ्यावर. ट्रंकेवर यादी. पुढच्या वर्षी कृष्ण शोधायला सहा ट्रंका उघडाव्या लागत नाहीत. पुठ्ठ्याचं खोकं कुणी वापरत नाही, कारण या हवेत पुठ्ठा ओल धरतो, झुरळांना आवडतो, आणि त्याचा कुबट वास आतल्या वस्तूला लागतो. वाइन ग्लास मूळ खोक्यात ठेवू नयेत असं परदेशी जाणकार सांगतात, त्याचंही कारण हेच.

जोडप्याच्या समोरच्या फ्लॅटमधल्या मामी कोलूला हळदीकुंकवाचं बोलावणं करायला आल्या तेव्हा पाच ग्लास टेबलावर होते. जोडप्याला काय लपवावं ते सुचेना. मामींनी एक ग्लास दांडीला न धरता अलगद पोटाला धरून उचलला.

“पायसमला छान आहेत मा. यंदा आठ बायका जास्त येणार आहेत, देशील?”

ग्लास समोरच्या घरी गेले. नऊ दिवस त्यांत सेमियाचं पायसम, एक दिवस पानकम. वर्षातल्या चार संध्याकाळींचा कोटा एका आठवड्यात फिटला आणि आणखी वर. विजयादशमीनंतर मामींनी ते परत पाठवले. काच दिसतच नव्हती. प्रत्येक ग्लास जुन्या वेष्टीच्या चौकोनात गुंडाळलेला, दांडीला निराळी चिंधी, पोटात कापसाचा बोळा. वर झाकणाचा प्लास्टिकचा क्रेट, तो ठेवायला माळा नसेल तर कपाटाच्या वरच्या फळीवर, पण हिंगापासून लांब, अशी तोंडी सूचना. क्रेटवर चिकटवलेल्या कागदावर मामींनी तमिळमध्ये यादी लिहिली होती, आणि मराठी घराला वाचता यावी म्हणून खाली तेच देवनागरीत: ‘बोम्मै – ५’.

आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “पाच ना? मग बरोबर आहे. सहाव्याची आठवण काढू नका.”